मुलांची उंची आणि रक्ताची साक्ष

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज पारितोषिके घेण्यासाठी मुले एकामागून एक व्यासपीठावर येत होती, तेव्हा आमचे लक्ष त्यांच्या गुणांपेक्षा त्यांच्या उंचीकडे अधिक होते, हे आम्ही प्रारंभीच कबूल करतो. त्याला कारण आहे.

आमच्याच घरातील एका मुलीची वाढ सातव्या वर्षापासून मंदावली. ‘आजीवर गेली आहे, आजी तरी कोठे उंच होती!’ असे म्हणून आम्ही सारे निश्चिंत राहिलो. ती वर्गात पेंगे, तिला थंडी अधिक वाजे. आम्ही तिला आळशी ठरवून बोल लावला. पुढे धाकटा भाऊ तिच्या डोक्यावरून गेला, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. अकराव्या वर्षी रक्त तपासले, तो गळ्यातील अवटु ग्रंथी, म्हणजे थायरॉईड, नीट काम करीत नसल्याचे निष्पन्न झाले. औषध काय, तर रोज उपाशीपोटी एक लहानशी गोळी! वर्षभरात मुलगी झपाट्याने वाढली, अभ्यासातही रमली. परंतु हुकलेली उंची पुरती भरून आली नाही. दोष तिचा नव्हता, आमचा होता.

उंचीला काळाचे बंधन आहे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात आणि तेथेच हाड वाढते. तारुण्य पूर्ण होता होता हे थर हाडात मिसळून जातात. त्यानंतर कोणतेही चूर्ण, पेय वा लोंबकळण्याचा व्यायाम उंची वाढवू शकत नाही.

मूल ठेंगणे आहे एवढ्यावरून ते रोगी ठरत नाही. आईबाप ठेंगणे असले तर मूलही बहुधा तसेच असते. काही मुले उशिरा वयात येतात आणि मागाहून उंच होतात. म्हणून नुसत्या उंचीपेक्षा वाढीचा वेग पाहावा. जन्मतः मूल सुमारे 50 सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षी ते सुमारे 25 आणि दुसऱ्या वर्षी सुमारे 12 सेंटिमीटर वाढते. पुढे चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर वाढ अपेक्षित असते. ती 4 च्या आसपास घुटमळू लागली, तर वैद्याकडे जावयास हवे.

वैद्य प्रथम डाव्या हाताच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय पाहतात. मग रक्ताची साक्ष काढतात. हिमोग्लोबिनवरून पांडुरोग, क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे कार्य, कॅल्शियम व फॉस्फरसवरून हाडांची स्थिती आणि टीएसएचवरून अवटु ग्रंथीचे कार्य कळते. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या मुलांचा सिलिअ‍ॅक विकारही रक्तातील प्रतिपिंडांवरून ओळखू येतो. मुलगी ठेंगणी असेल तर तिची गुणसूत्रेही तपासतात; कारण टर्नर विकारात एक एक्स गुणसूत्र संपूर्ण वा अंशतः नसते आणि पुष्कळदा ठेंगणेपण हीच त्याची पहिली खूण असते.

एवढे झाल्यावर वृद्धिसंप्रेरकाचा विचार येतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे. तीतून हे द्रव्य थांबून थांबून, विशेषतः रात्रीच्या गाढ झोपेत स्रवते. म्हणून दिवसा एकदाच रक्त घेतले, तर निरोगी मुलातही ते जवळजवळ शून्य दिसू शकते. तेवढ्यावरून कोणी घाबरू नये. वैद्य औषधाने ग्रंथीला चेतवितात आणि ठराविक अंतराने अनेक नमुने घेतात. यकृतात बनणारे आयजीएफ-1 हे द्रव्य दिवसभर स्थिर असते, म्हणून तेही मोजतात. मात्र कुपोषणानेही ते घटते. सारांश, रक्त खोटे बोलत नाही, पण त्याचे बोलणे समजणारा जाणकार हवा.

ह्या संप्रेरकाचा इतिहास सावध करणारा आहे. 1958 मध्ये अमेरिकेतील मॉरिस राबेन यांनी एका 17 वर्षांच्या मुलाला ते टोचून वाढविल्याचे प्रसिद्ध केले. त्या काळी ते मृतांच्या ग्रंथींतून काढीत. पुढे त्या मार्गाने काहींना मेंदूचा प्राणघातक क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग जडल्याचे उघड झाले आणि 1985 मध्ये अमेरिकेत तो प्रकार थांबला. त्याच वर्षी जनुकतंत्राने बनविलेल्या संप्रेरकाला तेथे मान्यता मिळाली. आज तेच वापरतात. उणीव सिद्ध झालेल्या मुलांना, तसेच टर्नरसारख्या काही विकारांत, त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु ही टोचणी वर्षानुवर्षे, बहुधा रोज रात्री, घ्यावी लागते आणि खर्चही मोठा असतो. निरोगी मुलाला केवळ विवाहाच्या बाजारासाठी ती देणे उचित नव्हे. आपल्या वधूवर-सूचीतील उंचीच्या रकान्याला आपण जे अवास्तव मोल देतो, त्याचाही विचार ह्या निमित्ताने व्हावा.

संघाला आमची एकच विनंती आहे. पुढील वर्षापासून पारितोषिक-समारंभाच्या दिवशी सभागृहाच्या भिंतीशी एक मोजपट्टी लावावी, प्रत्येक मुलाची उंची अनवाणी उभे करून मोजावी आणि आकडा एका चिठ्ठीवर लिहून केवळ पालकांच्या हाती द्यावा. दोन वर्षांच्या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की वाढीचा वेग कोणालाही कळेल. हे काम बिनखर्चाचे आहे. आमच्या घरी अशा दोन चिठ्ठ्या असत्या, तर त्या मुलीची चार वर्षे वाया गेली नसती.