चारची भूक

दुपारचे ४ वाजले की कचेरीत कुणीतरी वडापावचं नाव काढतं आणि सगळ्यांच्याच पोटात कावळे ओरडू लागतात. डबा तर १ वाजताच संपलेला असतो!

खरी भूक हळूहळू चढते. रिकामं जठर घ्रेलिन हे संप्रेरक सोडतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये उजेडात आणलं. अशा भुकेला शिळी भाकरीही गोड लागते. वडाच हवा असेल, तर ते जिभेचे चोचले.

तहानेचं गणित वेगळं. रक्तातल्या क्षारांची तीव्रता जेमतेम १ ते २ टक्के वाढली, की मेंदूतला हायपोथॅलॅमस पाणी मागतो. ओठ सुकतात, लघवी गडद होते. भूक की तहान हे कळत नसेल, तर पेलाभर पाणी पिऊन थोडं थांबावं; पोट तरीही कुरकुरलं, तर खुशाल खावं.

मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला थरथर होऊन दरदरून घाम फुटला, तर मात्र थांबायचं नाही. आधी साखर.