डायलिसिसवरच्या माणसाला चालतं ठेवूया

(पनवेल येथे प्रभागसंघाच्या सभेत झालेले भाषण)



डायलिसिस हा शब्द आता आपल्या गटांत कुणाला नवा राहिलेला नाही. कुणाचे सासरे, कुणाचा भाऊ, तर कुठे गटातलीच एखादी ताई आठवड्यातून दोन-तीनदा पनवेलला नाहीतर कामोठ्याला जाते आणि चार-चार तास मशीनवर असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो, हे बहुतेकींना माहीत आहे. आज मी बोलणार आहे ते घरी परतल्यानंतरचं.

घरी आलं की आपण मायेनं म्हणतो, "उठू नका, पडून राहा." त्या दिवशी थकवा असतोच, आराम हवाच. पण दुसऱ्या दिवशीही पडून, तिसऱ्या दिवशीही पडून! मशीन रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी काढतं, मांड्यांतली ताकद परत देत नाही. या आजारात स्नायू आधीच झिजतात, पडून राहिलं की आणखी झिजतात. मग खुर्चीतून उठायला हात लागतो, मोरीपर्यंत धरून न्यावं लागतं. तो हात कुणाचा? घरातल्या बाईचाच.

इटलीत २९६ डायलिसिस रुग्णांचा अभ्यास झाला, २०१७ साली तो छापून आला. निम्म्यांना डायलिसिस नसलेल्या दिवशी, आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटं दोनदा चालायला सांगितलं. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालायचं त्यांचं सरासरी अंतर ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं. बाकीच्यांचं जवळपास होतं तिथंच राहिलं.

ते घरी एकेकटे चालले. पण एकट्याचा नेम मोडतो. बचतीचंच बघा, घरच्या डब्यात पैसे टिकत नाहीत, गटात टिकतात. म्हणून वाडीतले दोन-चार रुग्ण एकत्र आणूया. समाजमंदिरात किंवा अंगणात, ऊन चढायच्या आत. खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, मग सावकाश चालणं. चालताना बोलता आलं पाहिजे. दम लागला तर थांबायचं.

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा:

• आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटल्यावरच सुरुवात.
• फिस्टुलाच्या हातानं वजन उचलायचं नाही, त्या हातावर बीपी मोजायचं नाही.
• ताप, छातीत दुखणं, धाप, चक्कर, पायांवर जास्त सूज किंवा डायलिसिस चुकलेलं असेल तर व्यायाम बंद, डॉक्टरांना कळवा.
• मधुमेह असेल तर उपाशीपोटी नको, अनवाणी नको.
• घाम आला म्हणून शहाळं देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पाणीही डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढंच सांगावं: आपल्या वाडीत डायलिसिसला कोण जातं आणि त्यांच्यासोबत चालायला कोण तयार आहे. दोन्ही नावं एकाच ओळीत लिहूया.