धावता माग आणि जागती नजर



भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. साध्या मागावर ताण्यातील धागा तुटला, तरी माग आपोआप थांबेलच असे नाही. धोटा धावत राहतो, कापड पुढे सरकते आणि दोषही पुढे सरकतो. तो टिपून गाठ मारते ती कामगाराची सरावलेली नजर.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले आणि विद्यार्थ्यांच्या हाती असाच एक माग आला. अफाट लिखाणावरून पुढचा संभाव्य शब्द कोणता, हे तो ठरवतो. भाषा सफाईदार असते. परंतु सफाई म्हणजे सत्य नव्हे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक निर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्तरांवर आंधळेपणाने विसंबू नये, ती पडताळावीत, असे न्यायालयाने बजावले. अनुभवी अधिकाऱ्यांची ही गत, तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे काय?

म्हणून बंदी घालावी काय? नाही. बंदी पाळली जाणार नाही आणि शिकवण्याची संधी मात्र हुकेल. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम वाङ्मयचौर्य मोजतात ते साम्यावरून. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. यंत्राचे लिखाण शब्दशः उचललेले नसल्याने या चाळणीतून सहज निसटते. उलट, यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने निरपराध विद्यार्थ्यालाही दोषी ठरवू शकतात. तेव्हा प्रामाणिकपणा संगणकावर सोपवता येणार नाही. तो वर्गातच रुजवावा लागेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आले आहेत. यंत्रमाग कामगारांवर प्रकल्प करणाऱ्याने प्रश्नावलीचा कच्चा आराखडा यंत्राकडून जरूर घ्यावा, अवघड संज्ञा समजून घ्यावी. पण न घेतलेली मुलाखत यंत्राकडून लिहून घेणे ही त्या श्रमिकाची आणि स्वतःची फसवणूक होय. यंत्राचे साहाय्य कोठे घेतले ते स्पष्ट नोंदवावे, प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात पाहावा. शिक्षकांनीही दोन-चार प्रश्न तोंडी विचारावेत. वर्ग मोठे आहेत, वेळ अपुरा आहे, हे खरे. तरी एवढे टाळून चालणार नाही.

आयुष्यभर मागावर उभे राहून ज्यांनी मुलांना महाविद्यालयात धाडले, त्यांनी पैसे मोजले ते मुलांच्या बुद्धीसाठी, यंत्राच्या नव्हे. माग खुशाल धावू द्या. तुटलेला धागा ओळखणारी नजर मात्र आपली असली पाहिजे.