गोळी मनाने बंद करू नका



लहानपणीच्या र्‍हुमॅटिक तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या कितीतरी मुली आपल्याकडे आहेत. काहींना पुढे धातूची झडप बसवावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं घडवलेली भारतीय झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉरफरिन किंवा असिट्रोम, जन्मभर घ्यावी लागते.

लग्न होतं, दिवस जातात. घरातलं कुणी म्हणतं, ‘पोटुशीनं इतक्या गोळ्या कशाला?’ आणि गोळी बंद होते. इथंच घात होतो. गुठळी धरून झडप अडकते, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो.

गोळीची भीती खोटी नाही. गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या, हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. वॉरफरिन रोज ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल, तर धोका वाढतो. हेपॅरिनचं इंजेक्शन बाळापर्यंत जात नाही, पण झडपेला गोळीइतकं जपत नाही. म्हणून कधी गोळी, कधी इंजेक्शन, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून, रक्त तपासत ठरवतात. मूल हवं असेल, तर दिवस जाण्याआधीच त्यांना भेटा. पाळी चुकली असेल, तर उद्याच जा.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण या लेकीचं बाळंतपण ससूनसारख्या, दोन्ही तज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावं. माहेर लांब असेल, तर आईनं तिच्याकडे राहायला यावं. गोळीनं बाळाचंही रक्त पातळ होतं. कळांच्या वेळी त्याच्या डोक्यात रक्तस्राव होऊ नये म्हणून साधारण छत्तिसाव्या आठवड्यात गोळी थांबवून इंजेक्शन देतात. बाळंतपणानंतर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतात. वॉरफरिन घेत असताना बाळाला अंगावर पाजता येतं. मेथी, शेपू खावी, पण रोज बेतानं, सारख्याच प्रमाणात. पालेभाजी एकदम वाढली की गोळीचा असर कमी होतो.

झडपेची टिकटिक मंदावली, धाप लागली, बोबडी वळली किंवा रक्त जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि तिची फाइल सोबत घ्या. आई आणि बाळ, दोघंही सुखरूप घरी येऊ शकतात; घरानं वेळेवर पाऊल उचलायला हवं.