औषधसाठ्याची रक्कम का वाढली?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत औषध भांडाराच्या प्रमुखांनी केलेले भाषण)



आपल्या ताळेबंदात ‘औषधसाठा’ या सदराखाली दिसणारी रक्कम पूर्वीपेक्षा मोठी आहे. एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला विचारले, “आम्ही पैसे रुग्णांसाठी दिले, ते तुमच्या फळ्यांवर का पडून आहेत?” प्रश्न रास्त आहे. हेपरिन या एकाच औषधाच्या आधारे त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

डायलिसिसच्या वेळी रुग्णाचे रक्त शरीराबाहेरील नळ्यांतून फिरते. ते गोठू नये म्हणून हेपरिन दिले जाते. त्याविना डायलिसिस अशक्य आहे असे नाही. सलाइन सोडून नळ्या वारंवार धुतल्या तर ते करता येते. परंतु त्यासाठी परिचारिकेला रुग्णापाशी जवळजवळ खिळून राहावे लागते, आणि तरीही गाळणी तुंबण्याचे भय उरतेच. जेथे दिवसभर पाळीमागून पाळी चालते, तेथे हा नित्याचा मार्ग होऊ शकत नाही.

हे औषध डुकराच्या आतड्याच्या अंतस्त्वचेपासून काढतात. काहींना हे ऐकताना अवघडल्यासारखे होईल, पण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. जगातील सुमारे निम्मी डुकरे चीनमध्ये पाळली जातात, त्यामुळे कच्च्या हेपरिनचा सर्वांत मोठा स्रोतही तोच देश. 2007-08 मध्ये तेथून आलेल्या मालात भेसळ आढळली आणि अमेरिकेत रुग्ण दगावले. पुढे 2018 मध्ये चीनमधील डुकरांत आफ्रिकन स्वाइन फीवरची साथ शिरली, कळप झपाट्याने घटले आणि कच्चे हेपरिन महागले. आपल्याकडे मात्र इंजेक्शनची कमाल किंमत शासनाने बांधून दिलेली होती. महाग कच्चा माल आणून स्वस्त कुपी विकण्यास कारखानदार फार काळ राजी राहत नाही.

अशा वेळी 2020 चा मार्च आला. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि त्यांच्या पोटातून येणारा मालही थांबला. बंदरांत कंटेनर उतरत होते, पण मालमोटारींचे चालक गावी निघून गेले होते. आपल्या कपाटात त्या दिवशी जेमतेम आठवडाभराचे हेपरिन होते. आणखी मागवण्याजोगा पुरवठादारही एकच होता, कारण सर्वांत कमी दर पाहून मीच तशी शिफारस केली होती. ती चूक माझी होती. दोन शेजारच्या रुग्णालयांनी आपल्या साठ्यातून कुप्या उसन्या दिल्या, म्हणून एकही पाळी रद्द करावी लागली नाही.

त्याच वर्षी जूनअखेरीस राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने हेपरिनच्या कमाल किमतीत 50 टक्के वाढ करण्यास मुभा दिली. आपला खर्च त्यामुळे वाढला, तरीही तो निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. बाजारात न मिळणाऱ्या स्वस्त औषधाने रुग्णाचे रक्त पातळ राहत नाही.

आता थोडे आपल्या देशाविषयी. 3 मार्च 2020 रोजी भारताने पॅरासिटॅमॉलसह 26 औषधद्रव्ये व औषधे यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. बातमी वाचून मी समाधानाने मान डोलावली होती. परदेशातील एखाद्या रुग्णालयाची भांडारप्रमुख तीच बातमी वाचून आपले कपाट मोजत असेल, हे तेव्हा सुचले नाही. त्यांतील बहुतेक निर्बंध 6 एप्रिलला उठले. पुढच्या वर्षी, 10 मे 2021 रोजी, ‘आयएनएस त्रिकंड’ ही युद्धनौका कतारहून द्रवरूप प्राणवायूचे कंटेनर घेऊन मुंबईस आली. तो परदेशातून मिळाला, आपण घेतला. त्याच सुमारास पुण्यात बनणाऱ्या लशीची निर्यात जवळजवळ थांबली होती आणि आफ्रिकेतील अनेक देश त्या लशीची वाट पाहत होते. आपल्या रुग्णांच्या नातेवाइकांना त्या दिवसांत कोणी निर्यात चालू ठेवण्याविषयी विचारले असते, तर काय उत्तर मिळाले असते हे मी जाणते. तरी देणारा आणि घेणारा यांच्या जागा वर्षभरात कशा बदलल्या, हे मी भांडारात बसून पाहिले आहे.

देशांचे निर्णय आपल्या हाती नाहीत, कपाट आहे. हेपरिन आता दोन पुरवठादारांकडून घेतले जाते, आणि दोघांचा कच्चा माल एकाच ठिकाणाहून येत नाही ना, हे आम्ही लेखी विचारतो. (पहिल्यांदा विचारले तेव्हा एका विक्री प्रतिनिधीला हसू आले होते.) तीन महिन्यांचा साठा ठेवतो, आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरतो. गाळण्या आणि रक्तवाहक नळ्यांनाही हाच नियम लावला आहे. ताळेबंदातील वाढ ती हीच. सभेनंतर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी भांडार उघडे ठेवले आहे. साठ्याची नोंदवही दाराशीच आहे.