दोष देण्याआधी तपासणी



बेळगाव-निपाणी भागात कुणाचे पोट फुगले, की 'दारूचे फळ' असा शिक्का मारण्याची घाई होते. तो शिक्का दरवेळी खरा नसतो. निर्व्यसनी माणसासही हा त्रास होऊ शकतो.

यकृतातून रक्त वाहून नेणाऱ्या शिरांत गुठळी झाली, तर यकृत सुजते व पोटात पाणी साठते. यास बड-कियारी विकार म्हणतात. मुंबईच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतील संशोधकांनी २००१ साली पश्चिम भारतातील अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 'फॅक्टर पाच लायडेन' हा आनुवंशिक जनुकबदल एक प्रमुख कारण म्हणून आढळला. या बदलामुळे रक्त गोठविणारा घटक वेळेवर आवरला जात नाही. विकार वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिल्यास यकृताच्या कर्करोगाचाही धोका संभवतो.

तथापि, जनुकातील बदल म्हणजे ललाटरेषा नव्हे. तो असलेल्या बहुसंख्य माणसांना गुठळीचा त्रास कधीच होत नाही. झालाच, तर सोनोग्राफीने तो वेळीच ओळखता येतो. मग गुठळी रोखणारी औषधे देता येतात. आवश्यक तेथे शीरही मोकळी करता येते.

यकृताच्या कर्करोगाचे याहून फार मोठे कारण म्हणजे हिपॅटायटिस-बी विषाणू. त्यावरील लस नवजात बालकास जन्मानंतर २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात विनामूल्य दिली जाते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती घरोघर पोहोचवावी. रुग्णास बोल लावण्यापूर्वी त्यास दवाखान्यात न्यावे, हीच नम्र विनंती.