चुकीमागचे मराठी

इंग्रजीच्या वरच्या परीक्षेत चुकीची वाक्ये दुरुस्त करायला देतात. ‘आय ॲम लिव्हिंग इन सातारा सिन्स टेन इयर्स’ हे आपल्या कानाला मुळीच खटकत नाही. कारण ‘मी दहा वर्षांपासून साताऱ्यात राहतो’ हे मराठीच त्यात उतरले आहे. पोरावर रागावून काय होणार? इंग्रजीला हवे ‘आय हॅव लिव्हड इन सातारा फॉर टेन इयर्स’. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचे साल वा दिवस येतो, ‘फॉर’पुढे किती काळ ते. सांगलीच्या हळदीच्या भावावर आपण चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ डकवतो. तेही नको. तेव्हा गुरुजी, वहीत नुसते बरोबर उत्तर उतरवून घेऊ नका. शेजारी चुकीमागचे मराठी वाक्यही लिहवून घ्या. अन् मधूनच एखादी बिनचूक ओळ घाला. घाबरलेला विद्यार्थी नेमकी तीच खोडतो!